सुभेदार घोडीकडं बघेना

“पण चाचा, त्याला झालंय तरी काय?”

सयाजी ढमढेरे सकाळपासून हे चौथ्यांदा विचारत होता. लालाभाई मुजावर बाभळीच्या सावलीत तंबाखू मळत बसले होते. ते मळतच राहिले.

लालाभाईंची चाळीस वर्षं पैदाशीच्या घोड्यांमागं गेली होती. भीमेकाठच्या त्या स्टड फार्मवर आता त्यांना काम असं काही उरलं नव्हतं, पण घोडा अडला की लोक त्यांच्याकडंच यायचे. सयाजी आला होता तो मालकीणबाईंनी पाठवला म्हणून. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर त्याचं नाव होतं. कसलाही आडमुठा घोडा त्याच्या हाताखाली सरळ व्हायचा. असल्या माणसानं एका निवृत्त मोतद्दारापुढं मांडी घालायची म्हणजे जिवावरच आलं होतं. अडला हरी, म्हणत आला बिचारा.

आता अडलं होतं ते काय, तेही सांगतो. सुभेदार हा त्याच्या हातचा घोडा. चौदा शर्यती धावला, अकरा जिंकला. मग त्याला शर्यतीतून काढून इथं पैदाशीला आणला आणि त्याच्याबरोबर सयाजीही आला. फाल्गुनापासून पाच घोड्या सुभेदारासमोर आणल्या. त्यानं एकीकडंही ढुंकून पाहिलं नाही. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांत सुईबिईनं घोडी गाभण केलेली चालत नाही, तसा नियमच आहे. घोड्यानं स्वतःच घोडीला लागावं लागतं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. घोडा ठणठणीत.

शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत बघू, नाहीतर खच्ची करून रायडिंग क्लबला देऊन टाकू.

आणि आज गुरुवार होता. माजावर आलेली पाचवी घोडी परवापर्यंत थंड पडली असती.

“शनिवारी डॉक्टर चाकू घेऊन येणार, चाचा. माझ्या सुभेदाराला…” सयाजी म्हणाला.

“सकाळी घोडी समोर आणली, तेव्हा दोरी कुणाच्या हातात होती?”

“माझ्या. दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही तो.”

“तू कुठं बघत होतास?”

“घोडीकडं. कुठं लाथ मारते की काय म्हणून.”

“आणि तो?”

“तो कुठं का बघेना. घोडीकडं बघत नव्हता, एवढं खरं.”

लालाभाईंनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. “हं…” म्हणाले.

सयाजीला चीड आली. घोड्याचा जीव टांगणीला, आणि म्हातारा हं करतोय.

“असाच होता का रे तो पहिल्यापासून?”

“छे हो. तीन वर्षांचा असताना नुसता आगीचा लोळ.” सयाजीचा आवाज एवढ्यात पहिल्यांदाच जरा मोकळा झाला. “पहिल्या शर्यतीआधी रिंगणात गोल फिरवत होतो, पुढं एक घोडी चाललेली. तिला बघितलं आणि हा पिसाळला. दोन पायांवर उभा काय राहिला, घामानं निथळला काय. शर्यत सुरू होण्याआधीच सगळा दम गेला. शेवटून दुसरा आला. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.”

“मग?”

“मग शिकवलं. तोंडात साखळी घातली. मान घोडीकडं वळली की साखळीला एक हिसका, आणि मी खाकरायचो. एवढंच. सहा महिने केलं. पुढं पुढं साखळीही लागेना, मी नुसता खाकरलो तरी मान खाली. रेसकोर्सवर लोक बघायला यायचे हो. शेजारून दहा घोड्या गेल्या तरी हा पठ्ठ्या साधूसारखा चालायचा.”

“चांगलं शिकवलंस,” लालाभाई म्हणाले. त्यांच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता.

एवढ्यात घरातून जेवण आलं. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, ताटाच्या कडेला गुळाचा खडा. लालाभाईंनी ताट सयाजीपुढं सरकवलं.

“खा. तोंड बघ कसं झालंय.”

सयाजीनं भाकरीला हात घातला. लालाभाईंनी त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली आणि खाकरले.

“काय झालं?”

“काही नाही. खा की.”

त्यानं पुन्हा हात पुढं केला. पुन्हा चापट, पुन्हा खाकरणं. तिसऱ्यांदाही तेच. मनगट लाल झालं.

चौथ्यांदा हात पुढं गेला, तेव्हा लालाभाई नुसते खाकरले. हात जागच्या जागी थांबला.

“खा, बाबा. आता नाही मारत.”

सयाजीनं भाकरीकडं बघितलं. मग लालाभाईंकडं बघितलं. हात काही केल्या पुढं जाईना…

“भूक नाही का तुला?”

सयाजीनं हात मागं घेतला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. सकाळचा सुभेदार त्याला आता दिसत होता. घोडी आली तसे त्याचे कान टवकारले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या. आणि मग त्यानं मान वळवली होती. सयाजीकडं. पाचही वेळा.

“मी तर त्याला साखळी घातली नव्हती, चाचा. आवाजसुद्धा केला नाही.”

“उभा तर होतास?”

जन्मात एकच घोडा सयाजीनं पोटच्या पोरासारखा जपला होता, आणि त्यालाच आपण आपल्या हातानं चाकूखाली नेऊन ठेवला, हे त्याला सहन होईना.

“मी विसरायला लावतो त्याला,” तो घाईघाईनं म्हणाला. “दोन दिवस आहेत. घोडी आली की गूळ भरवीन, मानेवर थोपटीन. शिकेल तो. हुशार आहे.”

“अजून शिकवायचंच आहे का तुला?”

“मग काय करू?”

लालाभाईंनी तळहात वर करून वाऱ्याचा अंदाज घेतला. नदीच्या अंगाला, गवताच्या गंजीपलीकडं बोट दाखवलं.

“तिकडं जाऊन बस. वारा इकडून तिकडं आहे, तुझा वास येणार नाही त्याला. मी हाक मारीपर्यंत उठायचं नाही.”

“आणि दोरी?”

“धरील कुणीतरी.”

“चाचा, तो माझ्याशिवाय दुसऱ्याच्या हातात कधी राहिला नाही. बिथरला तर? घोडीनं लाथ घातली आणि पाय मोडला तर? पाय मोडलेल्या घोड्याचं काय करतात, माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत आहे.”

“मग?”

लालाभाई गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पागेकडं चालू लागले.

सयाजी गंजीपलीकडं जाऊन बसला खरा, पण बसणं कसलं ते. ऊन उतरत होतं. गवताची काडी मोडायची, फेकायची, दुसरी उचलायची. पलीकडं फाटक वाजलं. घोडीचे पाय वाजले. मग सुभेदाराचे. त्या टापा त्यानं हजारांत ओळखल्या असत्या.

मग टापा थांबल्या.

काहीच ऐकू येईना. बघतोय का तो? बिथरलाय का? दोरी ओढताहेत का त्याची? सयाजी दोनदा अर्धा उठला आणि दोनदा खाली बसला. घसा कोरडा पडला होता, खाकरावंसं वाटत होतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

आणि सुभेदार खिंकाळला.

सयाजीनं सहा वर्षं त्याला रात्रंदिवस सांभाळला होता. उपाशी असताना, तापात, शर्यत जिंकल्यावर. ही खिंकाळी त्यानं कधीच ऐकली नव्हती. मागोमाग धावपळ, माणसांचे आवाज, मातीवर काहीतरी जड आदळल्याचा आवाज… आणि मग पुन्हा सगळं शांत. सयाजी कपाळ गुडघ्यांत घालून बसून राहिला.

हाक आलीच नाही. लालाभाई स्वतःच चालत आले. सदऱ्याची बाही फाटली होती. ते शेजारी टेकले आणि धाप ओसरेपर्यंत नदीकडं बघत राहिले.

“पाय?” सयाजीनं विचारलं.

“चारही धड आहेत.”

“मग… लागला?”

“लागला. उद्या परत आणू घोडी. बाईंना निरोप धाडलाय, शनिवारी डॉक्टर नको म्हणून.”

सयाजीनं डोळे मिटले. विचारू नये असं त्याला वाटत होतं. तरी त्यानं विचारलंच.

“चाचा… त्यानं मला शोधलं का हो?”

“शोधलं तर. चांगलं दोनदा मान फिरवून शोधलं… तू कुठंच दिसला नाहीस, तेव्हा कुठं त्याला घोडी दिसली.”