झोका जिरवायचा कसा

“…पण लाईनच कमकुवत असेल, तर त्यात माझ्या मशिनचा काय दोष, बाई?”

हृषीकेश मगदूम आल्यापासून फिरून फिरून हेच विचारत होता. बाईंनी बसायला खुर्ची दिली होती, पण गडी बसेल तर ना! गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

उकिडवेबाई झोपाळ्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी आयुष्यभर विजेची यंत्रं शिकवली. हृषीकेश त्यांचा लाडका विद्यार्थी. लाडका आणि तितकाच आगाऊ.

“नेमकं होतं काय, ते सांग.”

“पठारावर वारा चांगला लागला की पवनचक्क्यांची वीज लाईनवर चढते आणि डुलायला लागते. लाईन ओढते, मशिन ढकलतं. एकमेकांना झोके देत देत इतकं वाढतं, की सगळ्या चक्क्या एकदम बंद पडतात आणि खालच्या गावांत अंधार होतो.”

“आणि वीज सांभाळणारा तुझा तो प्रोग्रॅम? तो काय करतो?”

“लगेच उलटा जोर लावतो! पूर्ण ताकदीनं. इतका चपळ प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाकडे नाही. कंपनीत त्याला ‘मगदूम पद्धत’ म्हणतात.” बोलताना छाती फुगली, आणि लगेच आवाज उतरला. “गुरुवारी शेवटची चाचणी आहे. परत डुललं तर माझं सगळं काढून टाकणार. ऐन उमेदीची वर्षं घातलीत मी त्यात, बाई.”

बाईंनी ताट खाली ठेवलं. कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली, तिचं एक टोक झोपाळ्याच्या फळीला बांधलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं.

“आत जा. माझ्याकडे पाठ करून उभा राहा. मी झोका घेते. झोपाळा तुझ्यापासून लांब जायला लागला की ‘गेला’ म्हणेन. तू ओढायचं. मला थांबवायचं.”

“बाई, हे बालवाडीतलं काय…”

“गेला!”

त्यानं ओढलं. दोरी क्षणभर सैल पडली आणि मग हाताला हिसका बसला.

“गेला!”

त्यानं जरा जोरानं ओढलं. कड्या करकरल्या.

“गेला!”

आता हृषीकेश इरेला पेटला. सगळा भार टाकून ओढायला लागला. दोरीनं तळहात सोलवटला, तरी झोपाळा काही ऐकेना. शेवटी न राहवून त्यानं मागे वळून पाहिलं. झोपाळा कठड्याला भिडायला आला होता. बाईंनी कड्या घट्ट धरल्या होत्या, अंबाडा सुटून केस तोंडावर आले होते.

“बाई!”

त्यांनी एक पाय खाली सोडला. तळवा फरशीला घासत गेला. जाताना घासला, येताना घासला… झोका लहान झाला. आणखी लहान. मग नुसतीच फळी हलत राहिली.

“तुम्ही हाक उशिरा दिलीत!” हृषीकेश संतापून म्हणाला.

“किंचित.”

“किंचित कसलं! मी ओढत होतो तेव्हा झोपाळा माझ्याकडेच येत होता. म्हणजे थांबवायचं सोडून मीच त्याला…”



बाई केस सारखे करत होत्या.

“मोजायला, हिशेब करायला मशिनलाही थोडा वेळ लागतो…” तो पुटपुटला.

“लागतोच.”

“मग तो वेळ मी आणखी कमी करतो.”

“शून्य करशील?”

“शून्य कसा होईल?” त्यानं हातातली दोरी खाली टाकली. “मग झोका थांबवायचा तरी कसा?”

“थांबवायचा नसतो रे. जिरवायचा असतो.”

हृषीकेशचे कान लाल झाले. “म्हणजे माझीच जिरवलीत.”

“छे! अजून नुसता झोकाच जिरलाय.”

तो मटकन उंबऱ्यावर बसला. आल्यापासून पहिल्यांदाच. काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, हेच तर लागलं. प्रोग्रॅमचा जोर उतरवायचा. झोका जसा येईल तसा थोडासा, घासणाऱ्या पायाइतकाच विरोध करायला त्याला शिकवायचं. बाईंनी हे वर्गात फळ्यावर मांडून दाखवलं होतं. तेव्हा त्याला ते भित्र्या माणसाचं काम वाटलं होतं.

“मी हसलो होतो याला,” तो म्हणाला. त्याला खरोखर लाज वाटली.

“पहिल्या बाकावर बसून हसला होतास.”

तो ताडकन उठला. गुरुवारच्या आत सगळं पुन्हा लिहायचं होतं. चपला पायात सरकवल्या, दार उघडलं, आणि तिथेच घुटमळला.

“पण बाई… जोर काढला, चपळाई काढली, तर चाचणीत मीटरचा काटा जागचा हलणारच नाही. आत काही चाललंय हेसुद्धा कुणाला कळायचं नाही. मग माझं असं दिसणार काय?”

बाईंनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं. एक शेंग उकलली…

“दिवे दिसतील.”