एक थेंब न सांडता आलेला पूर

अख्खी तळवाडी चिंचेच्या झाडांवर राहायला गेलेली पाहून अचलराजांनी घोड्याचा लगाम खेचला.

फांद्याफांद्यांवर बांबूचे माळे होते. एका माळ्यावर भाकऱ्या भाजणं चाललं होतं, दुसऱ्यावर न्हावी पाटलांची दाढी करत होता, आणि सगळ्यांच्या वर एक शेळी निवांत रवंथ करत होती.

"ही माणसं आहेत की वटवाघळं?" राजे गरजले. "खाली या!"

खाली आली एकटी हौसा, बुरुडाची लेक. सगळे माळे तिनं आणि तिच्या बापानं बांधलेले, तेव्हा राजाला तोंड द्यायचं कामही गावानं तिच्याच गळ्यात घातलं होतं.

"म्हाराज, वर तुमच्या तळ्याचा बांध हाय," ती म्हणाली. "त्याला चीर पडलीया. वाकून मानूस आत शिरंल एवढी. तळं तर भरत आलंया. म्हून आमी वर ऱ्हातो."

राजांच्या कपाळावर आठी उमटली. बांधाला त्यांचं स्वतःचं नाव होतं, अचलबांध! शिवाय गेल्याच वर्षी त्यांनी राज्यभर दवंडी पिटवली होती, की सरकारी परवानगीशिवाय पूर, आग, भूकंप आणि टोळधाड यांना येण्यास सक्त मनाई आहे. मनाई केल्यावर विषय मिटला, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

"बांध मी स्वतः बांधलाय, दाजीसाहेब," शेजारच्या घोड्यावरून राजांचे मेहुणे रंगराव म्हणाले. "पक्का दगडी." बांधाचा दगड नेमका कुठे गेला, हे रंगरावांच्या नव्या तिमजली हवेलीला विचारायला हवं होतं.

राजे हट्टाला पेटले. "पोरी, उद्या दुपारी तो पूर आमच्या दरबारात हजर कर. पण गालिच्यावर पाण्याचा एक थेंब सांडता कामा नये! आणलास तर बांध नवा करू. नाही आणलास तर हे सगळे माळे तोडायचे, आणि गावानं जमिनीवर झोपायचं."

हौसानं वर पाहिलं. एका फांदीवरच्या झोळीत तिच्या बहिणीचं तान्हं लेकरू झोपलं होतं. ती त्या झोळीकडे बघत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "आनते म्हाराज. पन पूर काय गड चढून यायचा न्हाई. दरबार हितं बांधाखाली भरवा."

"भरवू! आमच्याच बांधाला आम्ही भ्यायचं की काय?"

"दाजीसाहेब, इथे डास फार," रंगराव घाईनं म्हणाले. पण त्यांचं ऐकलं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी चिंचांच्या बुंध्याशी गालिचे अंथरले गेले, सिंहासन आलं, सरदार मानाप्रमाणे बसले. हौसानं एक चांगला रुंद पाट उचलला आणि नेऊन थेट चिरेसमोर मांडला.

"आमच्यात वास्तुशांतीला पयला मान गवंड्याचा," ती रंगरावांना म्हणाली. "बांध तुमी बांधला. बसा."

रंगराव बसले. म्हणजे टेकले. दरबाराकडे त्यांचं तोंड होतं, पण जीव सगळा पाठीत गोळा झाला होता. बांधात एक बेडूक ओरडला तर ते अर्धे उभे राहिले.

एवढ्यात ढोल वाजला.

तळवाडीचा तो रोजचा रिवाज होता. भर दुपारी गुरव ढोल बडवायचा आणि सारं गाव माळ्यावर चढायचं. खरा प्रसंग आला तर म्हाताऱ्यांचे पाय चुकू नयेत म्हणून. आजही गाव सवयीनं, गप्पा मारत शिड्यांकडे निघालं.

पण रंगरावांना कुठला रिवाज ठाऊक! त्यांनी धोतर वर खोचलं, जोडे सोडले, सेनापतींच्या खांद्यावर पाय दिला आणि बघता बघता थेट शेळीजवळ पोचले. बांधणाराच पळतोय म्हटल्यावर सरदार कशाला थांबतात? ज्याला जी फांदी मिळाली ती त्यानं धरली. सिंहासनावर राजे आणि मागे छत्री धरणारा, एवढेच उरले. त्यांनी रिकाम्या गालिच्याकडे पाहिलं, मग चिरेकडे पाहिलं, आणि छत्री धरणाऱ्याला म्हणाले, "खालून ढकल."

ढोल थांबला. गालिच्यावर एकटी हौसा हात जोडून उभी होती.

"म्हाराज, पूर हजर हाय."

"कुठाय?" राजांनी फांदीला मिठी मारून विचारलं.

"ह्यो काय! जोडं खाली, मानसं वर, आन् राजा शेळीच्या खालच्या फांदीवर. पुरात दुसरं काय असतंया? पानी तेवढं आनलं न्हाई. गालिचा भिजू द्यायचा नव्हता न्हवं?"

"अगं, हा तर नुसता ढोल!"

"आमी रोजच्यावानी चढलो. तुमी का चढला?"

"रंगराव पळाले म्हणून."

"आन् बांध बांधला कुनी?"

सगळ्या झाडांनी माना वळवल्या. रंगरावांनी तोंड शेळीच्या पाठीत लपवलं. "दाजीसाहेब, आत पेंढा भरलाय," ते पुटपुटले.

राजांनी फांदीवरूनच रंगरावांकडे डोळे वटारले. मग त्यांना वाटलं, पोरीची परीक्षा अजून पुरती झालेली नाही. "ठीक आहे. आता ठिणगी न पाडता आग आणून दाखव."

"आनते की. उद्या दरबार दारूगोळ्याच्या कोठारापाशी भरवा. ते बी रंगरावांच्याच ताब्यात हाय न्हवं? त्यांचा पाट दाराशी मांडते."

"नको!" शेंड्यावरून रंगराव किंचाळले. "तिथे भिंतीला लागून गवताच्या गंज्या रचल्यात!"

राजे असे हसले की फांदी हलली आणि सेनापतींच्या टाळक्यावर चिंचा पडल्या. त्यांनी वरूनच हुकूम सोडले. बांधाची मोरी उघडून तळ्याचं पाणी आजच उतरवा. रंगरावांची हवेली उतरवून तिचा दगड बांधात घाला. गंज्या हलवा. बांध पुरा होऊन त्यावरून एक पावसाळा जाईपर्यंत रंगराव सहकुटुंब चिरेसमोर झोपडीत राहतील.

मग त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून खाली हौसाच्या ओच्यात टाकलं. "हे तुझं. आणि गडावर आमच्यासाठी एक चांगला माळा बांधून दे."

"बांधते की, म्हाराज."

"ते सावकाश," राजे हळूच म्हणाले. "आधी एक शिडी आण. आम्हाला उतरता येत नाही."