साळिंदराने तोंड उघडले नाही

एका डोंगराळ जंगलात एक साळिंदर राहत असे. मुलांनो, हे साळिंदर मोजणीत मोठे हुशार होते. हंगाम संपत आला की खार, उंदीर, मुंग्या त्याला आपापल्या घरी बोलावत. ते आपल्याच गळालेल्या काट्याने सालीवर रेघा ओढी आणि साठा किती दिवस पुरेल ते नेमके सांगे. पण एका घरातली गोष्ट त्याने दुसऱ्या घरी कधी नेली नाही.

एके वर्षी ढोलीत पाणी शिरून खारीच्या निम्म्या चारोळ्या कुजल्या. मोजणी होताच ती रडवेली झाली. "साळिंदरदादा, सगळे मला टापटिपीची म्हणतात आणि ढोलीचे तोंड बुजवायला मीच विसरले! कुणाला सांगू नका." साळिंदर म्हणाले, "ढोलीतली गोष्ट ढोलीतच राहील."

खार अवेळी फांद्याफांद्यांवर दाणे शोधताना कोल्ह्याला दिसली. साठा संपला की ती जमिनीवर उतरणार आणि आयती आपल्या तावडीत सापडणार, हे त्याने ओळखले. तो साळिंदराला म्हणाला, "खारीकडे किती दिवसांचं उरलंय, तेवढं सांग. महिनाभर गोड कंद आणून देतो." साळिंदर म्हणाले, "ते खारीला विचार." कोल्हा चिडला. त्याने जंगलभर उठवले, "खारीचा साठा आटलाय. तिच्या ढोलीत दुसरं कोण जातं? तो मोजणाराच चोर!"

म्हाताऱ्या अस्वलाने सगळ्यांना बोलावले. "साळिंदरा, खारीच्या चारोळ्या कुठे गेल्या?"

"मला ठाऊक आहे. पण तिने हो म्हटल्याशिवाय सांगणार नाही."

"मग उद्यापासून तुझी मोजणी बंद!"

साळिंदराला वाईट वाटले. दुसरे कुठले काम त्याला येत नव्हते. तरी ते मान ताठ ठेवून उभे राहिले. "बंद तर बंद," ते म्हणाले.

आता मात्र खारीला राहवेना. ती फांदीवरून ओरडली, "थांबा! दादा, माझी परवानगी आहे. सांगा सगळं."

तेव्हा कुठे साळिंदराने सालीवरच्या रेघा दाखवल्या. इतक्या चारोळ्या होत्या, इतक्या कुजल्या, इतक्या उरल्या. खारीला कोणी हसले नाही. उंदरांनी आपल्यातले दाणे तिच्या ढोलीत भरले, त्यामुळे तिला खाली उतरावेच लागले नाही. कोल्ह्याने मात्र केव्हाच काढता पाय घेतला होता.

अस्वलाने विचारले, "आणि मुंग्यांकडे किती आहे रे?"

"ते मुंग्यांना विचारा," साळिंदर म्हणाले.

अस्वल खदखदून हसले. "माझा मध कुठे आहे, हे मी आजवर कुणाला कळू दिलं नाही. उद्या सकाळी मोजायला ये."

ते ऐकताच साळिंदराच्या अंगावरचा काटा न् काटा अभिमानाने उभा राहिला.

तात्पर्य : विश्वासाने कळलेली गोष्ट ज्याची असेल त्याच्याच परवानगीने सांगावी; स्वतःवर आळ आला तरी जो हे पाळतो, त्याच्यासाठी सगळी दारे उघडतात.