कवडीची शिंक

सोनकीच्या फुलांनी पिवळ्याधमक झालेल्या डोंगराखाली वेणू नावाची एक मुलगी राहायची. घर एवढंसं, घरात माणसं दोनच, वेणू आणि तिची आई. आई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. दोघींची सगळी श्रीमंती म्हणजे एक कोंबडी, कवडी. पांढऱ्या अंगावर करडे ठिपके, आणि तुरा असा लालचुटुक की बघतच राहावं!

कवडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की शेजारची अंजाक्का तिला मागून न्यायची. अंडी अंजाक्काची, ऊब कवडीची, आणि पिल्लं दोन्ही घरांत अर्धी अर्धी. त्या गावाची रीतच होती ती. यंदा वेणूनं पिल्लांची नावंसुद्धा ठरवली होती.

पण नेमकं न्यायच्या दिवशीच कवडी शिंकली. फिस्स! डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, नाकातून पाणी. आता अंजाक्का कसली नेतेय हिला! मग या शहाणीनं काय करावं? परकराच्या काठानं कवडीचं नाक पुसलं, डोळे पुसले, आणि हसत हसत तिला अंजाक्काच्या हातात दिलं.

"बरी आहे ना गं ही?" अंजाक्कानं विचारलं.

"झकास आहे की!" वेणू म्हणाली.

थोड्याच दिवसांत अंजाक्काच्या खुराड्यात फिस्स-फिस्स सुरू झालं. कोंबड्या चोची उघड्या टाकून श्वास घेऊ लागल्या, अंडी घालायच्या थांबल्या. "कुणाची नजर लागली गं माझ्या लेकरांना!" म्हणत बिचारी अंजाक्का खुराड्यावर गोणपाटावर गोणपाट बांधत होती, गार वारा लागू नये म्हणून. वेणूला तिच्याकडे बघवेना. शरमेनं कान तापायचे.

शेवटी ती डोंगरावर गेली आणि सोनकीच्या ताटव्यात तोंड लपवून रडू लागली. तर काय! एका फुलातून चमचम करत एक पिटुकली परी बाहेर आली. पंख केशरी-निळे, झगा दवबिंदूंचा.

"का गं रडतेस, बाळ?"

"अंजाक्काच्या कोंबड्या बऱ्या कर ना गं!"

"ते मला जमत नाही, राणी. मी ऐकणारे कान देते. पण अट आहे हं! जे ऐकशील ते ज्याचं त्याला आजच सांगायचं, आणि स्वतःचं काही गाळायचं नाही. गाळलंस की कान गेले."

परीनं वेणूच्या कानांवर सोनेरी धूळ फुंकली.

वेणू खुराड्यापाशी आली, आणि काय सांगू! कुणाच्या छातीत घरघर, कुणाच्या गळ्यात खुरखुर. काहींचा श्वास मात्र अजून स्वच्छ होता. गोणपाटाआड विष्ठेचा उग्र वास कोंडला होता आणि सगळ्या जणी म्हणत होत्या, "हवा द्या गं, हवा!"

वेणू तशीच अंजाक्कासमोर जाऊन उभी राहिली. "अंजाक्का, कवडी तेव्हाच आजारी होती. मला माहीत होतं. तिचं नाक पुसून मी ती तुला दिली."

अंजाक्का हळूच म्हणाली, "पोरी, मी विचारलं होतं ना गं तुला?"

त्यापेक्षा दोन थपडा दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वेणूला वाटलं. पण ती पळाली नाही. आजारी कोण, चांगली कोण, ते तिनं एकेक करून सांगितलं. दोघींनी आजारी कोंबड्या वेगळ्या छपरीत ठेवल्या, गोणपाटं सोडली, ओला भुसा काढून कोरडा पसरला. आधी चांगल्यांना दाणा-पाणी, मग आजाऱ्यांना, आणि मग साबणानं हात. अंजाक्कानं गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कोंबड्या तपासून औषध दिलं आणि बजावलं, "बऱ्या झाल्या तरी आजार अंगात दडून राहू शकतो. कवडीला आता दुसऱ्याच्या अंगणात धाडायचं नाही."

हळूहळू कोंबड्या सावरल्या. एक म्हातारी कोंबडी मात्र गेली. तिला खोल खड्ड्यात पुरताना वेणू माती लोटत होती आणि डोळे पुसत होती. कवडीखालची अंडीही वाया गेली. नावं ठेवायला पिल्लूच नव्हतं.

त्या संध्याकाळी कुंपणावर परी येऊन बसली. "अट पाळलीस गं! आता एक इच्छा पुरी करते. तुझी चूक अंजाक्काच्या मनातून पुसून टाकू? पण त्याबरोबर ती जे शिकली तेही पुसलं जाईल."

वेणूला ते किती किती हवं होतं! तिनं ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "नको. लक्षात राहू दे तिच्या."

"तुला लाज वाटत राहील, बाळ."

"वाटू दे."

परी गोड हसली. तिचा झगा लखलखू लागला, सारं अंगण सोनेरी झालं, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली. कान मात्र वेणूकडेच राहिले.

पुढच्या बाजाराला अंजाक्कानं एक तांबूस तलंग, म्हणजे अंडी घालायला आलेली कोवळी कोंबडी, आणली. तिला घेऊन ती खुराड्याकडे गेलीच नाही, थेट वेणूच्या दारात आली.

"वेणू, आधी तू ऐक बाई हिला. तू म्हणशील तसं करू."

वेणूनं तलंगेच्या पिसांना कान लावला. श्वास अगदी स्वच्छ होता. तरी ती म्हणाली, "चांगली वाटतेय. पण थोडे दिवस वेगळीच ठेवू या, अंजाक्का."

"ठेवू की!" अंजाक्का म्हणाली, आणि तलंग वेणूच्याच हातात ठेवून तिच्यासाठी वेगळं पाण्याचं भांडं आणायला गेली.