मोजून घेतलेला उशीर

एकदा एक वृद्ध सारथी आपल्या शिष्येला शेजारी बसवून जुन्या मोटारींच्या रॅलीत उतरला.

रॅली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धुळीचे लोट उभे राहतात. ही रॅली तशी नव्हती. रस्ते रोजचेच, डांबरी. त्यांवरून एस.टी. जात होती, दूधवाल्यांच्या मोटारसायकली जात होत्या, शेळ्या आडव्या येत होत्या. त्या सगळ्यांमधून, कुणालाही त्रास न देता, नेमून दिलेल्या वेगाने जायचे, एवढाच खेळ. वाटेत वेळ तपासणारे नाके असत. एखादा चिंचेच्या झाडाखाली, एखादा पेट्रोल पंपामागे. ते कुठे आहेत हे मात्र आधी कुणालाच ठाऊक नसे. ठरल्या वेळेनंतर पोहोचलात तर दंड, आणि वेळेआधी पोहोचलात तरी तेवढाच दंड. त्यामुळे गाडी चालवणाऱ्याइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, भार शेजारी बसून वाट आणि घड्याळ सांभाळणाऱ्यावर असे.

हा भार त्या दिवशी पहिल्यांदाच शिष्येवर आला होता. मुलगी शिकलेली, हिशेबात अचूक. पण स्वभाव असा की मागून कुणी दार लोटले तरी छातीत धस्स व्हायचे. चूक व्हायच्या आधीच तिला चुकीची लाज वाटू लागे. सारथ्याला तिचा हा स्वभाव माहीत होता आणि तरीही त्याने तिलाच निवडले होते.

गाडी होती एका व्यापाऱ्याची: फिकट निळी, दोन दारांची जुनी हेराल्ड. सकाळी निघताना व्यापारी खिडकीत वाकला. मागे त्याचा भाचा उभा होता; डोक्याला टोपी, गळ्यात स्टॉपवॉच, सगळी तयारी.

"अण्णा, तुमच्या शब्दाखातर पोरीला बसवलंय," व्यापारी म्हणाला. "दुपारच्या मुक्कामापर्यंत बघू. तिथे काही गडबड झालेली दिसली, तर परतीला हा बसेल. चालेल ना?"

"गाडी तुमची आहे, शेठ," सारथी म्हणाला.

भाच्याने हसून विचारले, "ताई, गाडी लागत नाही ना तुम्हाला?"

तिने मान हलवली. वाटेतली वळणे आणि अंतरे लिहिलेला कागद मांडीवर घेऊन ती गाडीत बसली.

पहिला पट्टा नीट पार पडला. ती कागदावरची ओळ वाचे, अंतर सांगे, घड्याळ पाही; सारथी काही न बोलता तसे करी. दोन नाके लागले आणि दोन्ही ठिकाणी गाडी अगदी वेळेत होती. मग उसाचा मुलूख सुरू झाला. कालव्यापाशी मागून एका ट्रकने हॉर्न दिला आणि ती दचकली. नजर कागदावरून उडाली आणि परत आली ती एक ओळ गाळून. दोन्ही ओळी जवळजवळ एकसारख्याच होत्या: पूल ओलांडून डावीकडे. पहिला पूल अजून यायचा होता. तिला वाटले, तो मागे पडला. समोर पूल आला. गाळलेल्या ओळीप्रमाणे तिथे पहिले डावे वळण सोडून दुसरे घ्यायचे होते.

"डावीकडे," ती म्हणाली. सारथ्याने गाडी डावीकडे घेतली.

थोडे पुढे गेल्यावर अंतराचा आकडा जुळेना. तिला कळले. पण ती बोलली नाही. कदाचित पुढे जुळेल, असे तिने स्वतःला सांगितले. जुळणार नाही हे ठाऊक असतानाही सांगितले. अखेर रस्ताच संपला, तो साखर कारखान्याच्या मागच्या फाटकाशी. तिथला रखवालदार खुर्चीवरून उठला.

"शर्यतीची गाडी न्हवं ही?" तो म्हणाला. "ताई, हितं शर्यत न्हाई. हितं मळी मिळती. देऊ का बादलीभर?"

सारथी खळखळून हसला. तिचे डोळे मात्र भरून आले. गाडी वळवून ते पुन्हा मूळ रस्त्याला लागले, तेव्हा समोर लांबवर सरळ, मोकळा रस्ता पसरला होता.

"अण्णा, आता पळवा!" ती म्हणाली. "पुढचा नाका यायच्या आत भरून निघेल. कुणाला कळणारही नाही."

"किती उशीर झालाय?"

"तीनेक मिनिटं."

"तीन? की तीनच्या वर?"

तिने पुन्हा घड्याळ पाहिले. मग हळूच म्हणाली, "चारच्या वर. पण अगदी जराशीच."

"म्हणजे पाच," सारथी म्हणाला. त्याने पायाखालचा जोर काढला, गाडी सावकाश रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

तिला वाटले, गाडी बिघडली. मग वाटले, अण्णांना काही होतेय. ती घाबरून त्याच्याकडे पाहू लागली. तो तर आरामात दार उघडून खाली उतरला आणि कडेला उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बाईपाशी जाऊन उभा राहिला.

"गाडी बंद पडली व्हय, बाबा?" बाईने विचारले.

"नाही माय. थांबलोय."

"मग ती पोरगी रडाया का लागलीया?"

"तिला घाई आहे."

"मग जावा की तिला घिऊन!"

"घाई आहे म्हणूनच थांबलोय."

बाईने कपाळाला हात लावला. "लेकी," ती गाडीकडे पाहून ओरडली, "म्हाताऱ्याला उन्हाचा तरास झालाय गं. पाणी पाज त्याला!"

सारथी शेंगांचा पुडा घेऊन परतला आणि शांतपणे सोलू लागला. शिष्येचा धीर सुटला.

"अण्णा, आपल्याला उशीर झालाय, आणि तुम्ही अजून उशीर करताय! मुक्कामाला शेठ उभे असतील. मला उतरवतील ते. माझी ही एवढी एकच संधी आहे, तुम्हाला माहीत आहे!"

"माहीत आहे," सारथी म्हणाला. "आता मी सांगतो ते ऐक. ही रॅली रोजच्या रस्त्यावरची आहे. गेलेला वेळ भरून काढायला कुणी गाडी पळवली, तर त्याचे मोल रस्त्यावरच्या कुणाला तरी चुकवावे लागते. एखाद्या दूधवाल्याला, नाही तर आडव्या आलेल्या शेळीला. म्हणून इथे एक मुभा ठेवलेली आहे. उशीर झाला की पुढच्या नाक्यावर, त्यांनी घड्याळ पाहण्याआधी, आपण होऊन सांगायचे: आम्ही इतकी मिनिटे मागे आहोत. मग पुढचा सगळा हिशेब ते तेवढी मिनिटे धरून करतात. त्याला दंड नाही."

"वाचलं होतं मी," ती पुटपुटली. "मला वाटलं, ते टायर पंक्चर झालेल्यांसाठी असतं. चुकलेल्यांसाठी नाही."

"सगळ्यांसाठी असते. पण घेणारे थोडे. कारण उशीर तोंडाने सांगावा लागतो ना, चारचौघांत, मोठ्याने. आणि त्यात एक अट आहे: उशीर पूर्ण मिनिटांतच सांगायचा. चार आणि वर थोडे, हे चालत नाही. आता तूच बघ. तू आधी मला तीन सांगितलेस. मग चारच्या वर. आपण सगळे असेच करतो, बाळ. चूक कबूल करताना काटकसर करतो. एवढीच झाली, फार नाही झाली. मग ते जे थोडेसे न सांगता राहते, तेच आपल्या मागे लागते, आणि त्याच्यापुढे आपण पळत सुटतो. चूक सांगायची तर ऐसपैस सांगावी. चारच्या वर असेल तर पाच म्हणावे, आणि पाच पूर्ण होईपर्यंत सावलीत बसून शेंगा खाव्यात. मग मागे काही उरत नाही. घे."

त्याने पुडा पुढे केला. तिने एक शेंग घेतली, पण ती हातातच राहिली. तिची नजर घड्याळावर होती. आजवर घड्याळ तिला नेहमी अंगावर येणारे वाटे. आता काटा पाचाकडे चालला होता आणि तिला त्याची वाट पाहायची होती. फार विचित्र वाटले तिला ते. आणि कुठेतरी थोडे बरेही वाटले.

"पाच," ती म्हणाली.

"चला," सारथी म्हणाला, आणि गाडी नेमल्या वेगाने निघाली. मागून शेंगावाली ओरडली, "सावकाश जा गं!"

पुढचा नाका बाभळीखाली होता. टेबल, घड्याळ, आणि खुर्चीत एक तरुण. सारथ्याने गाडी थांबवली आणि तो समोर पाहत राहिला. तो काही बोलत नाही, हे पाहिल्यावर तिला उमगले की बोलायचे आहे ते तिनेच.  हा तरुण हसेल, पुढच्या नाक्याला सांगेल, तिथून कुणी मुक्कामाला फोन करेल. एवढ्यात किती काय काय तिच्या मनात येऊन गेले.

"आम्ही पाच मिनिटं मागे आहोत," ती म्हणाली.

"पाच. बरं," तरुण मान वर न करता म्हणाला. "हं, जा पुढे."

बस, एवढेच. गाडी बरीच पुढे गेली तरी तिला ते खरे वाटेना. "अण्णा, तो काहीच बोलला नाही!"

"काय बोलायला हवा होता?"

 ती हसू लागली; आधी थोडे, मग आवरेनासे. सारथीही हसला. पुढच्या सगळ्या ओळी तिने बोट ठेवून वाचल्या.

दुपारच्या मुक्कामी, एका मंगल कार्यालयाच्या आवारात, व्यापारी वाटच पाहत होता. भाचा एव्हाना निळ्या गाडीच्या दारापाशी येऊन थांबला होता, आणि ती उतरताच तिच्या जागेवर जाऊन बसलासुद्धा.

"अण्णा, पाच मिनिटं उशीर?" व्यापारी म्हणाला. "वर तोंडाने सांगून आलात म्हणे! माझ्या दुकानात असं कुणी केलं असतं, तर..."

"आधी आकडे तरी ऐका, शेठ," रॅलीचे एक पंच मध्येच म्हणाले. "ही गाडी सगळ्या नाक्यांवर वेळेत आहे."

"उशीर धरला नाही तर?"

"नाही हो. सांगितलेला उशीर धरूनच वेळेत आहे. दंड नाही."

व्यापाऱ्याचा चेहरा सैल पडला. तो तिच्याकडे वळला. "म्हणजे उसाच्या गाड्या आडव्या आल्या असणार. हंगामच आहे. त्याला तू तरी काय करणार, पोरी?"

हो म्हणण्याची आवश्यकताही नव्हती; नुसते गप्प राहिले असते तरी भागले असते. जागा तिचीच राहिली असती. तिने सारथ्याकडे पाहिले. तो गाडीची काच पुसण्यात दंग होता. 

"नाही, शेठ," ती म्हणाली. "रस्ता मोकळा होता. ओळ मी गाळली. कारखान्याच्या फाटकापर्यंत नेलं मी गाडीला. आणि चुकलंय हे कळल्यावरही बराच वेळ अण्णांना सांगितलं नाही."

आवारात पंगतीची पाने मांडली जात होती.  व्यापाऱ्याने गाडीत बसलेल्या भाच्याकडे पाहिले.

"का रे," त्याने विचारले, "गेल्या वर्षी आपल्या मोठ्या गाडीत वाट सांगायला तू होतास. किती वेळा चुकलास?"

"मी? छे! एकदाही नाही, मामा."

"मग आपण शेवटून दुसरे कसे आलो?"

भाचा टोपी सारखी करू लागला.

"उतर," व्यापारी म्हणाला. "बसू दे तिला. ही चुकली तर निदान मला कळेल तरी."

भाचा उतरला. सारथ्याने फडके झटकून खिशात ठेवले. आणि ती तिथेच उभी होती. सगळे सांगून झाले होते, आणि आत लपवायला काही राहिलेच नव्हते. कार्यालयात कुणीतरी वांग्याच्या भाजीचे पातेले उघडले. तो वास आला तशी तिला कडकडून भूक लागली.

"अण्णा, निघायला वेळ आहे ना अजून?" तिने विचारले.

"भरपूर आहे," सारथी म्हणाला. "आधी जेव पोटभर."