मेलेल्या भाषेचा निकाल

विद्यापीठाच्या संगणक विभागात इंदुमती फडतरे कोबॉल या जुन्या भाषेत प्रोग्राम लिहीत. एकाच मोठ्या यंत्रापुढे आठ जणांची रांग लागायची आणि कामं रेंगाळायची. म्हणून त्यांनी अर्ज केला की, आमच्या टेबलावरच्या संगणकांवरही कोबॉल द्या.

विभागाचे नवे संचालक बोंद्रे यांनी भर बैठकीत, कुलगुरूंसमोर तो अर्ज बाजूला सारला. "बाई, मी शंभर प्रोग्रामरांना विचारलं. टेबलावर कोबॉल एकालाही नको आहे. ती भाषा मेली. आता तुमचा कोबॉलचा गटही बंद करू."

इंदुमतीबाईंना संताप आला होता, पण त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी कोऱ्या कागदावर एक ओळ लिहून बोंद्र्यांपुढे सरकवली : 'कोबॉल मृत असल्यामुळे तिच्यातले सर्व प्रोग्राम आजच बंद करावेत.'

"एवढी सही करा, सर. मी आत्ता जाऊन बंद करते."

बोंद्र्यांनी ऐटीत पेन उघडलं. तेवढ्यात कुलगुरूंनी विचारलं, "बाई, परवाचे निकाल कशावर लागणार आहेत?"

"याच भाषेवर. दोन लाख मुलांचे."

बोंद्र्यांचा हात थबकला. "तेवढे निकाल लागेपर्यंत थांबू," ते पुटपुटले.

"मेली असेल तर थांबायचं कशाला, सर? कोबॉल हवी का, असं तुम्ही शंभर जणांना विचारलंत. तिच्याशिवाय आपलं भागेल का, हे एकालाही विचारलं नाहीत."

कुलगुरूंनी बाईंचा अर्ज उचलून बोंद्र्यांपुढे ठेवला.

"पेन उघडलंच आहे, तर सही इथे करा."