थोरल्या राणीच्या मापाची खोळ

खूप मागची गोष्ट आहे, लहानांनो आणि थोरांनो. तेव्हा राण्या गादीवर बसून न्याय करायच्या, आणि ती गादी कुणीतरी बाई मान मोडून शिवते, हे लोकांच्या ध्यानात असायचं.

त्या राज्यात हौसा नावाची शिंपीण होती. थोरल्या राणीच्या आसनावरच्या गादीची खोळ तीच शिवायची. राणी अंगानं भरलेली, डावा गुडघा आखडलेला, म्हणून डावीकडे कलून बसायची. हौसा खोळही तशीच बेतायची, डावीकडे उतरती, उजवीकडे चढती. त्यात राणी कशी अगदी रुतून बसे!

हौसा शिवायला बसली की राणी शेजारी येऊन टेकायची. सुईत दोरा ओवून द्यायची आणि ओवता ओवता खोड्या काढायची.

"हौसे, तुझे हे खोळीवरच्या छापाचे पोपट एकमेकांकडे पाठ करून का बसलेत गं?"

"भांडलेत, बाईसाहेब. तुमच्या सोबतीला राहून शिकले."

राणी पोट धरून हसायची. कसे दिवस होते ते!

मग थोरली राणी वारली. तिची नात राणी व्हायची होती. किडकिडीत, ताठ पाठीची, पाय जेमतेम जमिनीला टेकणारी पोर.

रीत अशी होती की नव्या राणीला नवी खोळ. आणि पहिली तक्रार मिटेपर्यंत तिनं आसनावरून हलायचं नाही. घसरली किंवा उठली, तर गादीनं तिला नाकारलं म्हणायचं आणि राज्य चुलत्याला द्यायचं.

पोरीनं निरोप धाडला, "मावशी, माझं माप घ्यायला कधी येता?"

"माप माझ्या हातात बसलंय," हौसानं कळवलं.

तिनं जुनी खोळ उसवली, पोपटांच्या छापाच्या नव्या कापडावर पसरली आणि तिच्याबरहुकूम कापड कापलं. प्रत्येक शिवणीवर पोपटाला पोपटाची चोच जुळवली. बोटाला सुई टोचली तरी तिला कळलं नाही. डोळ्यांसमोर थोरली बसली होती ना!

दरबार भरला. पोर आसनावर बसली. दोन जावा आपापली शेळी आणि एक करडू घेऊन, करडू कुणाचं म्हणून भांडत आल्या. त्या बोलू लागल्या आणि पोर डावीकडे घसरू लागली. घट्ट खोळीनं नवा कापूसही जुन्याच उतारावर बसवला होता. पोरीनं आसनाची कड धरली. बोटं पांढरी पडली.

"बघा, बघा," चुलता म्हणाला, "गादी ढकलतेय हिला."

लोक हसले. मागं उभ्या हौसाचा चेहरा खर्रकन उतरला. मग ती कात्री घेऊन सरळ आसनाकडे निघाली.

"दरबारात कात्री?" चुलता ओरडला.

"मग काय पळी आणू? व्हा बाजूला! गादी ढकलत नाही हिला, मी ढकललं. गेलेल्या बाईचं माप या पोरीच्या बुडाखाली घातलं मी. शिक्षा द्यायची तर मला द्या." मग ती पोरीच्या कानाशी वाकली. "उठू नकोस, बाई. तू त्यांचं ऐक, मी माझं करते."

पोरीनं मान हलवली आणि जावांना म्हणाली, "आधी दोघी पाणी प्या. मग एकेकीनं बोला."

हौसानं डावी शिवण उसवली. उजवीकडचा कापूस उपसून डावीकडे ठासला. पोरीच्या कमरेभोवती वीत फिरवून माप घेतलं. नव्या मापानं कापड कापायचं तर कात्री नेमकी पोपटांच्या मानांवरून जात होती. क्षणभर तिचा हात थांबला. केवढ्या मायेनं जुळवले होते! मग तिनं कापले. टाके घातले, दोरा दातानं तोडला.

गादी सपाट झाली. पोर ताठ बसली. तिनं आसनाची कड सोडली आणि शांतपणे निवाडा दिला, "करडू सोडा. ते ज्या शेळीकडे जाईल, तिच्या मालकिणीचं." करडू तिथंच, जावांसमोर, आपल्या शेळीकडे धावलं. चुलता पागोटं सावरत निघून गेला.

हौसा मात्र खाली बसून मानतुटके पोपट गोळा करत होती आणि हमसून हमसून रडत होती. थोरली गेली, हे तिला त्या दिवशी खरं कळलं.

तात्पर्य : गेलेल्या माणसाला मनात जपावं, पण माप समोर बसलेल्या माणसाचंच घ्यावं.